एक सर्व्हर बंद पडला तर?

१. चाळीस मशिनी आणि एक मोठा सर्व्हर

दीडशे खाटांच्या एका रुग्णालयाचे व्यवस्थापक कोटेशनचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘‘सर, आमच्याकडे लहानमोठ्या चाळीस मशिनींचं काम आहे. एकच दणकट सर्व्हर घेतला तर ते सगळं त्याच्यावर बसेल का? बसत असेल तर एकच घेऊ. तीन-तीन कशाला?’’

प्रश्न रास्त होता. पैसे संस्थेचे, आणि हिशेब त्यांना द्यायचा. मी म्हटलं, ‘‘बसेल. आरामात बसेल.’’ २०२२च्या नोव्हेंबरात आलेल्या एएमडीच्या एपिक प्रोसेसरमध्ये ९६ पर्यंत कोअर मिळतात. कोअर म्हणजे एका वेळी एक काम हातात घेणारा कामगार. एका डब्यात असे ९६ कामगार असताना केसपेपर, औषधांचा साठा, लॅबचे रिपोर्ट, पगारपत्रकं या कामांची काय कथा!

पण ‘बसेल का’ हा रुग्णालयाचा खरा प्रश्न नव्हे. सोमवारी सकाळी दहाला ओपीडीत रांग लागलेली असताना एक सर्व्हर बंद पडला, तर उरलेल्यांवर सगळं बसेल का, हा खरा प्रश्न. एकच सर्व्हर असेल तर उरलेले कोणी नाहीतच. किती घ्यायचे, केवढे घ्यायचे, त्यात काय भरायचं, या साऱ्यांची उत्तरं याच एका प्रश्नातून निघतात. म्हणून या प्रकरणात आपण तो हातातून सोडायचा नाही.

२. वाडा, बिऱ्हाडं आणि कारभारी

आधी नावं नीट समजून घेऊ. जुन्या वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं असत. प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं, चूल वेगळी. पण वाडा एक. संगणकाच्या जगात या वाड्याला म्हणतात होस्ट, म्हणजे खरा, लोखंडी पत्र्याचा सर्व्हर. त्यात राहणारं बिऱ्हाड म्हणजे व्हर्च्युअल मशीन, रोजच्या बोलण्यात व्हीएम. आपण स्वतंत्र संगणक आहोत असंच प्रत्येक व्हीएमला वाटतं. तिची विंडोज किंवा लिनक्स वेगळी असते. आणि कोणाला किती जागा, कोणाला किती पाणी, हे पाहणारा वाड्याचा कारभारी म्हणजे हायपरवायझर हे सॉफ्टवेअर.

कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हा तिचा वाडा म्हणजे खोलीभर पसरलेला मेनफ्रेम होता. साध्या संगणकांवर हे जमवलं ते १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने. पुढे २००५-०६मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली आणि २००७मध्ये केव्हीएम हा कारभारी लिनक्सच्या गाभ्यात जाऊन बसला. आज फुकट मिळणारा प्रॉक्समॉक्स याच केव्हीएमवर चालतो.

मग खासगी क्लाउड म्हणजे काय? एका वाड्याऐवजी चार-पाच वाडे एकाच कारभाराखाली आणायचे. कोणतं बिऱ्हाड कोणत्या वाड्यात आहे हे कोणी लक्षात ठेवायचं नाही. गरज पडली की कारभारी एका वाड्यातलं बिऱ्हाड दुसऱ्यात हलवतो, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हरांच्या अशा गटाला क्लस्टर म्हणतात.

३. नळ पाळीने वापरता येतो, खोली येत नाही

होस्ट निवडताना लोक सगळ्यात आधी प्रोसेसरकडे पाहतात. माझ्या मते ही पहिली चूक. आधी मेमरी पाहावी, म्हणजे रॅम.

वाड्यात एक नळ असला तरी बारा बिऱ्हाडांचं भागतं, कारण सगळे एकाच वेळी पाणी भरत नाहीत. प्रोसेसर हा तसा नळ आहे. लॅबची व्हीएम सकाळी राबते, पगाराची महिनाअखेरीला, बॅकअपची रात्री. त्यामुळे एका खऱ्या कोअरवर व्हीएमना चार नकली कोअर वाटले तरी कचेरीच्या साध्या कामाला अडचण येत नाही. डेटाबेससारख्या सतत राबणाऱ्या व्हीएमसाठी मात्र हात आखडता घ्यावा.

मेमरी म्हणजे खोली. माणसं बाहेर गेली म्हणून त्यांची खोली दुसऱ्याला देता येत नाही. त्यांचं सामान तिथं पडलेलं असतं. कारभाऱ्याने जास्तच बिऱ्हाडं कोंबली, तर त्याला कोणाचं तरी सामान अंगणात, म्हणजे डिस्कवर, नेऊन ठेवावं लागतं. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी पटींनी मंद. मग ‘आज सिस्टिम स्लो आहे’ अशी तक्रार सुरू होते, आणि कोअर मोकळे असतात म्हणून कारण कोणालाच सापडत नाही.

म्हणून खरेदीच्या आधी मोजायचं. अंदाज नको आणि वेंडरचा शब्दही नको. किमान एक महिना, महिनाअखेर धरून, प्रत्येक मशीन खरोखर किती मेमरी आणि किती प्रोसेसर वापरते ते टिपायचं. वरच्या रुग्णालयात आम्ही टिपलं, तेव्हा १६ जीबी मेमरी दिलेली एक मशीन कधी ५ जीबीच्या वर गेलीच नव्हती, आणि ८ जीबीची एक रोज सकाळी गुदमरत होती. चाळीस मशिनींची खरी बेरीज आली ५२० जीबी मेमरी, १६० नकली कोअर आणि १२ टीबी साठा. पुढच्या चार-पाच वर्षांच्या वाढीसाठी तीस टक्के वर धरले. मेमरी झाली ६७६ जीबी, नकली कोअर २०८, साठा साधारण १५.६ टीबी.

४. उरलेल्यांचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे. होस्ट कितीही घ्या, त्यातला एक नाही असं समजूनच हिशेब मांडायचा.

दोन होस्ट घेतले, तर एक गेल्यावर सगळे ६७६ जीबी दुसऱ्यावर. कारभाऱ्याला स्वतःलाही जागा लागते. ती प्रत्येक होस्टमागे ३२ जीबी धरू. म्हणजे प्रत्येकात ७०८ जीबी हवी.

तीन घेतले, तर एक गेल्यावर दोन उरतात. प्रत्येकाच्या वाट्याला ३३८, अधिक ३२, म्हणजे ३७०.

चार घेतले, तर उरलेल्या तिघांच्या वाट्याला २२५ आणि वर ३२, म्हणजे २५७.

पण दुकानात २५७ जीबी मेमरी मिळत नाही. मेमरी पट्ट्यांनी येते, आणि प्रोसेसरला तिच्याकडे जाणाऱ्या ठरावीक वाटा असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. वर सांगितलेल्या एपिकला असे बारा चॅनेल आहेत. सगळ्यांत एकसारखी पट्टी असेल तरच प्रोसेसर पूर्ण वेगाने काम करतो. चार पट्ट्या लावून आठ वाटा रिकाम्या ठेवणं म्हणजे बारा दारांच्या कोठारात आठ दारांना कुलूप घालून हमालांना रांगेत उभं करणं. कोटेशन हातात आलं की मी आधी पट्ट्यांची संख्या पाहतो, बेरीज नंतर.

आमच्या कोटेशनात १६, ३२ आणि ६४ जीबीच्या पट्ट्या होत्या. बाराने गुणले की १९२, ३८४ आणि ७६८ अशा तीनच पायऱ्या. दोन होस्टच्या मांडणीत प्रत्येकी ७६८, एकूण १,५३६. तीनच्या मांडणीत प्रत्येकी ३८४, एकूण १,१५२. आणि चारच्या मांडणीत? २५७साठी १९२ अपुरे, म्हणून पुन्हा ३८४, एकूण १,५३६. तीन होस्ट सगळ्यात स्वस्त पडले. चार घेतले तर खर्च वाढतो, पण दोन होस्ट एकदम गेले तरी मेमरी पुरते. ज्याला ही खात्री हवी त्याने ती जाणूनबुजून विकत घ्यावी.

कोअरचं गणितही याच वाटेने जातं. २०८ नकली कोअर, एकाला चार या हिशेबाने ५२ खरे. तिघांतले दोन उरले तर प्रत्येकी २६. चोवीस कोअरचा प्रोसेसर दोनने कमी पडतो, म्हणून बत्तीसचा.

हा हिशेब मी शिकलो तो पुस्तकातून नव्हे. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेत दोन सुंदर, नवे सर्व्हर होते. सुरुवातीला प्रत्येक जण निम्मा भरलेला होता, म्हणजे एक गेला असता तर दुसऱ्याने सगळं सांभाळलं असतं. पण मोकळी जागा दिसली की माणसाला राहवत नाही. दर महिन्याला कोणीतरी एखादी व्हीएम मागायचं, आणि मी द्यायचो. दोन वर्षांत दोन्ही होस्ट ऐंशी टक्क्यांवर गेले. निकालाच्या आठवड्यात एकाचा मदरबोर्ड गेला. दुसऱ्यावर वीस टक्केच जागा होती. कोणत्या व्हीएम चालू करायच्या आणि कोणत्या बंद ठेवायच्या, हे मी रात्री साडेअकराला कागदावर फुल्या मारत ठरवत होतो, आणि प्राचार्य दारात उभे होते. तेव्हापासून मोकळ्या जागेला मी ‘शिल्लक’ म्हणत नाही. ती न आलेल्या होस्टची जागा आहे, भरलेलीच आहे.

शिवाय होस्ट बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बिघाड नसतंच. सुरक्षेचे अपडेट टाकायला आपणच तो बंद करतो. राखीव जागा असेल तर हे काम भरदुपारी होतं. नसेल तर रविवारी पहाटे, आणि मग ते पुढे-पुढे ढकललं जातं.

५. दोन पंच असले की निवाडा अडतो

तीनच्या बाजूने आणखी एक मोठं कारण आहे. समजा दोन होस्ट आहेत आणि त्यांच्यामधली वायर तुटली. दोघेही जिवंत, पण प्रत्येकाला वाटतं की दुसरा गेला. दोघेही औषधसाठ्याची तीच व्हीएम आपल्याकडे चालू करतात. एकाच साठ्यावर दोन हात एकाच वेळी लिहू लागले की वही फाटलीच म्हणायची. तो डेटा बॅकअपवरूनच परत आणावा लागतो.

यावरचा उपाय गावच्या पंचांना ठाऊक होता. पंच विषम ठेवायचे. तिघांत वायर तुटली तर एका बाजूला दोघे राहतात आणि दुसऱ्या बाजूला एकटा. बहुमत नसलेला एकटा आपणहून काम थांबवतो. दोनच होस्ट परवडत असतील तर तिसरं मत द्यायला एखादा लहानसा संगणक साक्षीदार म्हणून ठेवता येतो. त्याने व्हीएम चालवायच्या नसतात. मत दिलं की झालं.

६. एकाच घराण्यातले घ्या

चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर कशी हलते, हे पाहण्यासारखं आहे. घर बदलताना आपण आधी माळ्यावरचं सामान नेतो, मग कपाटं, आणि शेवटच्या खेपेला गॅस आणि रोजची भांडी. इथेही तसंच. व्हीएम चालू असतानाच तिची मेमरी पलीकडे उतरवली जाते. तेवढ्या वेळात मेमरीची जी पानं बदलली ती पुन्हा, त्यातली बदलली ती पुन्हा, असं करत अगदी थोडं उरलं की क्षणभर थांबून शेवटची खेप. वापरणाऱ्याला कळत नाही.

पण नव्या घरात जुन्या घरासारखेच प्लग पॉइंट हवेत. प्रोसेसरला काही खास सूचना समजतात, आणि चालू व्हीएम त्या गृहीत धरून बसलेली असते. म्हणून इंटेलच्या होस्टवरची चालू व्हीएम एएमडीच्या होस्टवर जिवंत नेता येत नाही. बंद करूनच न्यावी लागते. एकाच कंपनीच्या नव्या-जुन्या पिढ्या एकत्र चालवता येतात, पण मग नव्याने आपली जास्तीची कला झाकून ठेवायची, सगळ्यात जुन्याच्या पायरीवर यायचं. म्हणून सगळे होस्ट एकाच वेळी, एकाच मॉडेलचे घ्यावेत. ‘यंदा एक, पुढच्या बजेटात दुसरा’ ही काटकसर पुढे महागात पडते.

हलवायला रस्ताही रुंद हवा. एका होस्टवर रोज २२५ जीबी मेमरी भरलेली असेल तर एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून तो रिकामा करायला किमान अर्धा तास लागतो. दहा गिगाबिटवर तीन मिनिटं, पंचवीसवर सव्वा मिनिटाच्या आत.

७. बारा टीबीसाठी बासष्ट

वाडा कोसळला तरी बिऱ्हाडाची कागदपत्रं वाचली पाहिजेत, तरच दुसऱ्या वाड्यात संसार मांडता येतो. त्यामुळे साठा एकाच होस्टच्या पोटात असून चालत नाही. एक वाट म्हणजे सगळ्यांना जोडलेली वेगळी स्टोरेज पेटी. दुसरी वाट म्हणजे होस्टमधल्याच डिस्क नेटवर्कने जोडून एक सामाईक कोठार करणं. सेफ हे मोफत सॉफ्टवेअर हेच करतं. प्रत्येक मजकुराच्या तीन प्रती ते वेगवेगळ्या होस्टवर ठेवतं.

गणित ऐकून व्यवस्थापकांनी चष्मा काढून ठेवला होता. आज १२ टीबी, वाढ धरून १५.६. तीन प्रतींसाठी ४७. कोठार तीन चतुर्थांशाच्या वर भरू द्यायचं नाही, म्हणून ६२. म्हणजे होस्टमागे २१ टीबी, ३.८४ टीबीच्या सहा एसएसडी लावल्या की २३ होतात. सेफ प्रत्येक डिस्कमागे साधारण ४ जीबी मेमरी खातं. सहा डिस्कचे २४ आणि कारभाऱ्याचे ८, असे ते ३२ जीबी मी मघाशी धरले होते.

तीनच होस्ट असतील तर एक गेल्यावर दोन प्रतींवर काम चालू राहतं, पण तिसरी प्रत पुन्हा करायला जागा नसते. चौथा होस्ट असला तर ती होते. रुग्णालयाने तीन घेतले आणि चौथ्यासाठी रॅकमध्ये जागा सोडली. मला ते पटलं.

डिस्कच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकत नाही. लॅपटॉपची स्वस्त एसएसडी इथे लावू नये. सर्व्हरच्या एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी हातातलं लिखाण संपवण्याइतकी वीज ते धरून ठेवतात. त्या भरवशावर ती ‘लिहिलं’ असं लगेच सांगू शकते. स्वस्त डिस्कला दर वेळी खरोखर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं आणि सगळं कोठार तिच्या चालीने चालतं.

मेमरीही ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक ओळखून सुधारणारी हवी. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९मध्ये गूगलच्या ताफ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांत निदान एक चूक आढळली होती. आपल्या तीन होस्टमध्ये छत्तीस पट्ट्या आहेत.

८. कोअर जितके, बिल तितकं

लायसन्सचा खर्च आता कोअर मोजून लागतो. विंडोज सर्व्हरला प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोअरचे पैसे द्यावे लागतात. ब्रॉडकॉमने २०२३च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर विकत घेतली, आणि त्यानंतर एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स मिळणं बंद झालं. आता वर्गणी, तीही कोअरवर. आपल्या तीन होस्टचे कोअर ९६. दोन होस्ट घेतले असते तर प्रत्येकी ५२ लागले असते, म्हणजे बाजारात ६४चा प्रोसेसर, एकूण १२८. सर्व्हर मागवण्याआधी सॉफ्टवेअरचं बिल काढून पाहावं. कमी पण वेगवान कोअर पुष्कळदा स्वस्त पडतात.

आणि निवडलेला सर्व्हर, त्यातलं नेटवर्क कार्डसुद्धा, त्या हायपरवायझरच्या मान्य यादीत आहे ना, हे पाहावं. २०२०च्या व्हीएमवेअर ईएसएक्सआय ७मध्ये जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकले, आणि तोवर चालणारी कितीतरी कार्डं दिसेनाशी झाली.

९. मागच्या बाजूच्या दोन वायरी

सर्व्हरच्या मागे दोन पॉवर सप्लाय असतात, एक गेला तरी दुसरा चालावा म्हणून. मी कुठेही गेलो की रॅकच्या मागे वाकून त्या दोन काळ्या वायरी कुठे जातात ते पाहतो. बऱ्याचदा दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डात असतात. मग दोन सप्लायचे पैसे वाया. एक वायर एका यूपीएसला, दुसरी दुसऱ्याला. आणि तीन होस्ट एकाच बोर्डावर तर मुळीच नाहीत.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. सर्व्हर जितके वॅट ओढतो तितकी उष्णता खोलीत टाकतो. पाचशे वॅटचे तीन होस्ट म्हणजे दीड किलोवॅट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो, तेव्हा एक एसी पुरे. पण तोही बंद पडतो, म्हणून दोन. हवा १८ ते २७ अंशांत राहावी असा जाणकारांचा दंडक आहे.

आयड्रॅक किंवा आयलो नावाचं दूरस्थ नियंत्रणाचं लायसन्स कोटेशनमधून वगळू देऊ नका. होस्ट गोठला तरी घरबसल्या त्याचा स्क्रीन दिसतो आणि तो बंद-चालू करता येतो.

१०. बिल देण्याआधी

रुग्णालयात तिन्ही होस्ट बसले. वेंडरचा इंजिनिअर सही घ्यायला कागद घेऊन उभा होता. मी व्यवस्थापकांना म्हटलं, ‘‘तुम्हीच या. मधल्या होस्टच्या दोन्ही वायरी ओढा.’’ त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनिअरकडे. तो म्हणाला, ‘‘सर, त्यावर तेरा व्हीएम चालू आहेत.’’ म्हटलं, ‘‘म्हणूनच.’’

त्यांनी एक ओढली. काही झालं नाही. दुसरी ओढली, आणि पंख्यांचा आवाज खाली-खाली जात थांबला. आता इथे हलवाहलव नसते. होस्ट एकदम गेला की त्याच्यावरच्या व्हीएमही जातात. उरलेले दोघे आधी खात्री करून घेतात की तो खरंच गेला आहे, मग त्या व्हीएम नव्याने चालू करतात. पहिलं मिनिट स्क्रीनवर तेरा लाल खुणा होत्या आणि खोलीत कोणी बोलत नव्हतं. दोन मिनिटं झाल्यावर एक हिरवी झाली, मग तीन, मग भराभर बाकीच्या. पाचव्या मिनिटाला व्यवस्थापकांनी खाली औषधांच्या खिडकीवर फोन लावला आणि विचारलं, ‘‘मावशी, सिस्टिम चालू आहे का?’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘मघाशी जरा अडकली होती. आता चालतीय. का हो?’’

त्यांनी फोन ठेवला आणि कागदावर सही केली.